तीन सेकंदांची उडी

मुलांनो, जिना दिसला की सायकलवाला काय करतो? उतरतो, सायकल उचलतो, नाहीतर खाली लावून कुलूप घालतो. पण काही सायकलवीर असे आहेत, की जिना, कठडा, उतरती भिंत दिसली की त्यांचे डोळे चमकतात. कठड्यावरून घसरत जायचं, पायऱ्यांवरून उडी घ्यायची! या खेळाचं नाव बीएमएक्स स्ट्रीट.

हे नाव आलं कुठून? मोटोक्रॉस म्हणजे खडबडीत मातीवरची मोटारसायकलची शर्यत. १९७० च्या सुमारास अमेरिकेत, कॅलिफोर्नियातली मुलं तिची नक्कल करत लहान सायकली उंचवट्यांवरून उडवू लागली. म्हणून ‘बायसिकल मोटोक्रॉस’. ‘क्रॉस’ म्हणजे फुली, म्हणून शेवटी एक्स. आहे की नाही गंमत! मोटारसायकलींवरचा ‘ऑन एनी संडे’ हा माहितीपट १९७१ साली आला. त्याच्या सुरुवातीलाच अशी सायकलवाली पोरं दिसतात. म्हणजे या खेळाची आणि कॅमेऱ्याची दोस्ती पहिल्यापासूनची बरं का!

बीएमएक्सची शर्यत २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये आली. उतारांच्या खास मैदानावरच्या कसरती २०२१ साली टोकियोत आल्या. स्ट्रीटचं मात्र खरं मैदान म्हणजे रस्ता. तिथे ना पंच, ना प्रेक्षक. मग कुणी काय करून दाखवलं हे कळणार कसं? मित्राने काढलेल्या फिल्मवरून! पूर्वी या फिल्म व्हिडिओ कॅसेटवर निघायच्या, आता फोनवर दिसतात.

ही सायकल ठेंगणी असते. चाकं फक्त २० इंची. पहिला धडा ‘बनी हॉप’, म्हणजे सशाची उडी. हँडल ओढून आधी पुढचं चाक उचलायचं. मग हँडल पुढे ढकलत पाय वर घ्यायचे, की मागचं चाकही उठतं. वाचायला दोन ओळी, शिकायला कित्येक आठवडे!

आता कॅमेरेवाल्याच्या युक्त्या ऐका. त्याची लाडकी काच म्हणजे ‘फिशआय’, माशाच्या डोळ्यासारखं फुगीर भिंग. त्यातून समोरचं सगळं एकदम दिसतं. जवळची वस्तू भलतीच मोठी वाटते, लांबची एकदम लांब जाते. त्यामुळे कॅमेरा अगदी जवळ न्यावा लागतो. बऱ्याचदा कॅमेरेवाला स्वतः स्केटबोर्डवर किंवा सायकलवर मागे धावतो, एका हाताने कॅमेरा जमिनीलगत धरून. १९९५ साली सोनीचा व्हीएक्स-१००० हा कॅमेरा आला. त्याची मूठ वरच्या बाजूला होती. पिशवीसारखा हातात धरून पळता येई, म्हणून तो या मंडळींचा फार आवडता झाला.

खालून कॅमेरा धरला की कमरेएवढा कठडा डोंगरासारखा दिसतो. आणि फिल्म कापून जोडताना पडापडी निघून जाते. उरते ती तीन सेकंदांची उडी. कॅमेरा खोटं बोलत नाही म्हणतात; पण तो सगळं सांगतही नाही! ते पाहून एखादं मूल थेट जिन्याकडे धावतं आणि हात मोडून घेतं.

म्हणून मला डॅनी मॅकॅस्किल आवडतो. हा स्कॉटलंडचा. एडिनबरा शहरात सायकलच्या दुकानात दुरुस्तीचं काम करायचा. त्याची सायकल ‘ट्रायल्स’ प्रकारची, बीएमएक्सची चुलत बहीणच म्हणा. एकाच घरात राहणाऱ्या त्याच्या मित्राने कित्येक महिने चित्रण केलं आणि २००९ साली पाच-साडेपाच मिनिटांची फिल्म इंटरनेटवर टाकली. जगभर ती गाजली. तिच्या सुरुवातीला काय आहे? टोकदार लोखंडी कुंपणावरून सायकल चालवताना डॅनी पडतो. पुन्हा पडतो. मग जमतं! ते पडणं त्यांनी कापून टाकलं नाही, म्हणूनच त्या जमण्याची किंमत आपल्याला कळते.

आता तुम्ही करून पाहा. मोकळ्या मैदानात खडूने रेघ मारा. मित्राला सांगा, सायकल हळू चालवत नेमकी रेघेवर थांबव. घरातल्या मोठ्यांचा फोन (विचारून हं!) घ्या आणि बाजूला उभं राहून चित्रण करा. एकदा डोळ्यांच्या उंचीवर धरून, एकदा जमिनीलगत धरून. सायकलच्या वाटेत मात्र बसू नका. मग दोन्ही शेजारी-शेजारी पाहा. तीच सायकल, तीच रेघ, पण केवढा फरक! आणि चुकलेले प्रयत्न पुसू नका.

आईबाबांनो, ‘हे बघू नकोस’ म्हणण्यापेक्षा एकदा शेजारी बसून बघा. ‘याआधी हा किती वेळा पडला असेल?’ एवढंच विचारा. उडीची आवड लागलीच, तर हेल्मेट, गुडघ्याचे पॅड आणि शिकवणारं मोठं माणूस हवंच. शाळेच्या आणि सोसायटीच्या जिन्यावरून आजी-आजोबाही चढतात, हेही मुलांना सांगा.

बाकी सायकल शिकताना आपण सगळेच पडलो होतो. तेव्हा कॅमेरा नव्हता, एवढंच!