माल तुमचाच आहे, हे उद्या कोण सांगणार?



ब्रँडिंग म्हटलं की आपण आधी लोगोच्या मागे लागतो. माझं मत वेगळं आहे. ते पटवायला आज एका काठीचं उदाहरण घेतो.

पूल या खेळात चेंडू मारायची लाकडी काठी म्हणजे क्यू. अमेरिकेत काही कारागीर ती ऑर्डरप्रमाणे हाताने बनवतात. त्यातलं मोठं नाव जॉर्ज बालाबुष्का. जन्म रशियातला, काम न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, मृत्यू १९७५ साली. पुढे १९८६ च्या 'द कलर ऑफ मनी' सिनेमात त्याच्या नावाची क्यू झळकली. गंमत बघा, पडद्यावरची क्यू होती जॉस कंपनीची, फक्त तशी दिसणारी!

आता समजा, तुमच्या हाती एक वेगळीच जुनी क्यू आली. सही नाही, बिल नाही. बनवली कोणी? जाणकार मधला सांधा आणि त्याचा स्क्रू बघतात, सांध्याजवळच्या रिंगा बघतात, लाकडात बसवलेली टोकं, त्यांच्या रंगीत कडा, मुठीचा दोरा, खालची टोपी, सगळं बघतात. तरी घोळ होतोच. कारण बालाबुष्का टोकं जोडलेलं लाकूड, म्हणजे ब्लँक, बाहेरूनही घ्यायचा: ब्रन्सविक कंपनीचं, नंतर गस झाम्बोटीचं. म्हणजे टोकांवरून लाकूड कोणी जोडलं ते कळेल, क्यू कोणी पूर्ण केली ते नाही. आणि नुसती सही? ती तर कोणीही ठोकेल.

नाव सिद्ध झालं तर भाव वेगळा. नाही झालं तर ती फक्त 'चांगली जुनी काठी'. मेहनत तीच!

म्हणून माझं म्हणणं, लोगोआधी हे तीन करा:

१. प्रत्येक वस्तूवर नाव, नंबर, महिना-वर्ष टाका. सहज पुसलं जाणार नाही असं.

२. वही ठेवा. कोणता नंबर कोणाला विकला, कच्चा माल कुठला, कोणतं काम बाहेरून करून घेतलं. सोबत एक फोटो.

३. शिलाई असो, सांधा असो, तुमच्या हाताची एक पद्धत ठरवा आणि ती दर महिन्याला बदलू नका.

"सर, माझं तर लोणच्याचं काम!" अहो, मग तर जास्तच गरज. एका बरणीची तक्रार आली आणि बॅच नंबर नसेल, तर सगळ्याच बरण्यांवर संशय. नंबर असेल तर तेवढीच बॅच परत मागवा, बाकीचा धंदा चालू.

लोगो सहा महिन्यांनी केला तरी चालेल. वही मात्र पहिल्या विक्रीपासूनच हवी.