शार्क, वावटळ आणि आमचा रिलीज

गेल्या शनिवारी पुन्हा तेच केलं. झोप येत नव्हती म्हणून टीव्ही लावला आणि ‘शार्कनेडो’ बघितला. तिसऱ्यांदा! बायको म्हणाली, "तुला दुसरं काही मिळत नाही का रे?" मिळतं, पण ही सवय जुनी आहे.

२०१० साली ऑनसाइट होतो. शनिवारी रात्री जाणार कुठे? बाहेर थंडी, खिशात गाडी नाही, फ्रीजमध्ये कालची खिचडी. अशा वेळी सायफाय चॅनेलवर हमखास कुठला तरी राक्षसी प्राणी कुणाला तरी खात असायचा. त्या सप्टेंबरात ‘शार्कटोपस’ लागला. रॉजर कॉर्मनची निर्मिती. अर्धा शार्क, अर्धा ऑक्टोपस, अमेरिकन नौदलासाठी बनवलेला. त्याला कंट्रोल करणारं यंत्र निकामी होतं आणि स्वारी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर सुटते. बंजी जंप मारणारी मुलगी वरून खाली येते ती थेट त्याच्या तोंडात. स्वतः कॉर्मन किनाऱ्यावरचा म्हातारा झालाय. समोर एका मुलीला ओढून नेलं जातं, आणि हा बाबा तिचं सापडलेलं नाणं शांतपणे उचलतो. फुल्टू टाइमपास.

‘शार्कनेडो’ आला ११ जुलै २०१३ ला. लॉस एंजेलिसवर वादळ येतं, वावटळी समुद्रातले शार्क वर ओढतात आणि शहरावर टाकतात. एका शॉटमध्ये धो धो पाऊस, पुढच्यात रस्ता कोरडा ठणठणीत. शेवटी नायक चेनसॉ घेऊन शार्कच्या तोंडात उडी मारतो आणि पोट कापून बाहेर येतो. येताना आधी गिळलेल्या एका मुलीलाही घेऊन येतो! ट्विटरवर त्या रात्री धुमाकूळ झाला, आणि मग २०१८ पर्यंत एकूण सहा भाग निघाले. तिसऱ्यात मंडळी अंतराळात पोचली.

तर आता माझं मत. आधी वाटायचं, बजेट नाही, वेळ नाही, बिचारे काय करणार. पण हे खरं कारण नाही. शार्क स्वस्त झाला, हे खरं कारण आहे. १९७५ च्या ‘जॉज’मध्ये यांत्रिक मासा खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा. म्हणून स्पीलबर्गला तो लपवावा लागला. नीट दिसतो तो तासाभरानंतर. तोवर आपण नुसत्या पाण्याकडे बघून घाबरतो. कॉम्प्युटरवर मासा बनवायचा खर्च उतरला आणि पहिल्या पाच मिनिटांत दहा शार्क दिसू लागले. बंद पडणारा मासा डोकं वापरायला लावत होता, चालणाऱ्याने ती गरजच संपवली. आपल्याकडे सर्व्हरची मेमरी स्वस्त झाल्यावर कोडचं काय झालं ते आठवून बघा...

(इफेक्ट्स करणाऱ्या पोरांना मी नावं ठेवत नाहीये. असल्या तारखा कोण ठरवतं ते आपल्याला चांगलं माहीत आहे.)

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. ‘शार्कनेडो’ सतत डोळा मारतो. "आम्हाला माहितीये हे भिकार आहे, तुम्हीही हसा." एकदा हे म्हटलं की कुणी काही बोलूच शकत नाही. हे मी स्वतः केलंय म्हणून सांगतो. एका पगाराच्या सॉफ्टवेअरचा रिलीज अर्धवट आहे हे टीममध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. दुरुस्त करायला वेळ नव्हता म्हणून मी एरर पेज मजेशीर केलं: "आमचा सर्व्हर चहा प्यायला गेलाय." टीम खूश, मॅनेजर खूश. महिनाअखेरीला रात्री अकरा वाजता क्लायंटकडच्या अकाउंट्समधल्या बाईंचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, फक्त थकलेला. "झाला का हो तुमचा चहा? इथे माझी माणसं पगाराची वाट बघतायत." मला काहीच उत्तर सुचलं नाही. ते वाक्य त्याच रात्री काढलं. बग काढायला पुढे चार दिवस लागले.

कमी पैशांत आणि टीव्हीसाठी करूनही डोळा न मारता करता येतं. १३ नोव्हेंबर १९७१, तोही शनिवारच. एबीसीवर ‘ड्युएल’ लागला. ७४ मिनिटांचा, दोन आठवड्यांच्या आत शूट केलेला. दिग्दर्शक तोच स्पीलबर्ग, तेव्हा चोवीस वर्षांचा. राक्षस म्हणजे एक जुनाट, कळकट टँकर. लाल गाडीतल्या एका साध्या सेल्समनच्या तो मागे लागतो, का ते कुणी सांगत नाही. ड्रायव्हरचा हात दिसतो, बूट दिसतात, चेहरा शेवटपर्यंत नाही. ह्या शनिवारी तो लावला. बायको आधी मोबाइल बघत बसली होती. सेल्समन ढाब्यासारख्या हॉटेलात शिरतो, आरशात तोंड धुऊन बाहेर येतो आणि खिडकीतून बघतो तर टँकर समोर उभा. तिथे तिने मोबाइल खाली ठेवला.

टँकर दरीत पडल्यावर तो माणूस संध्याकाळच्या उन्हात कड्यावर बसून खाली खडे टाकत राहतो. आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.