मोत्याची खाज आणि जळकं ऑइल

पावसाळा लागला की पंचवटीतल्या आमच्या वस्तीत दारोदारची कुत्री खाजवू लागतात. आमचा मोत्याही दरवर्षी शेपटीच्या मुळाशी चावून चावून कातडी सोलून घेतो. मागल्या वर्षी शेजारी म्हणाले, "खरूज आहे. घरात लेकरं आहेत, लांब सोडून या." कुणी गॅरेजमधलं जळकं ऑइल चोपडायला सांगितलं. आम्ही चोपडलं. मोत्याने ते चाटलं आणि ओकून ओकून आडवा झाला. चूक आमचीच.

सरकारी जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मोत्याचे केस फाकवून काळे कण काढले व ओल्या कागदावर ठेवले. कण लालसर झाले. ती पिसवांची घाण, म्हणजे पचलेलं रक्त. पिसवांच्या लाळेची अॅलर्जी असलेल्या कुत्र्याला दोन-चार चावेही पुरतात.

भगिनींनो, ऑइल, रॉकेल किंवा ढेकणाचं औषध कुत्र्याला लावू नका. चाटल्यावर विष पोटात जातं. साध्या पाण्याने धुऊन अंग कोरडं करा. त्याचं गोणपाट गरम पाण्यात धुऊन उन्हात टाका. पिसवांची अंडी अंगावरून गळून जमिनीवर पडतात, म्हणून कानेकोपरे रोज झाडा. पिसवांचं औषध डॉक्टरांकडूनच, वजनाप्रमाणे घ्या.

कानांच्या कडांना खपल्या धरल्या, घरच्यांनाही खाज सुटली, तर ती खरूज असू शकते. पण तीही औषधाने बरी होते.

मोत्या यंदा आमच्या दारातच आहे. मुक्या जिवाला हाकलण्याआधी एकदा त्याचे केस फाकवून पाहा.