घंटा वाजल्यावर कोण येणार?

गावचा जागल्या रात्री फेरी मारीत असे, तेव्हा त्याच्या काठीच्या आवाजात दोन आश्वासने असत. पाहणारा जागा आहे, हे एक. आणि हाक ऐकून धावणारा जवळ आहे, हे दुसरे. आज सदनिका, दुकाने आणि बँका यांच्या दारांवर धोक्याचा इशारा देणारी जी यंत्रणा बसवली जाते, तिने यांतील पहिले काम आपल्याकडे घेतले आहे. दुसरे काम माणसांकडेच राहिले आहे. या भेदाचा विसर पडल्यामुळे सुरक्षेच्या बाजारात बराच भ्रमही विकला जातो.

अमेरिकेतील ऑगस्टस पोप यांनी १८५३ साली अशा विद्युत-घंटेचे पेटंट घेतले. दार वा खिडकी उघडताच विद्युतप्रवाह सुरू होऊन घंटा वाजावी, अशी ती रचना होती. पुढे एडविन होम्स यांनी ते पेटंट विकत घेऊन धंदा उभारला. आजची साधने त्याच वंशातील आहेत. चौकटीवरील चुंबकीय कळ दार उघडल्याचे सांगते. अवरक्त संवेदक माणसाच्या शरीराची हालती उष्णता टिपतो. काच फुटल्याचा आवाज ओळखणारे आणि तिजोरीच्या भिंतीची कंपने जाणणारे संवेदक निराळे असतात. बँकेत रोखपालाने गुपचूप दाबावयाची कळ असते.

परंतु यंत्र काय टिपते यापेक्षा ते कोणाला बोलावते, हे ग्राहकाने अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. एका प्रकारात केवळ भोंगा वाजतो. ती शेजाऱ्यांना मारलेली हाक असते. दुसऱ्या प्रकारात इशारा कंपनीच्या देखरेख केंद्रात जातो आणि तेथील कर्मचारी पोलिसांना कळवतो. या सेवेचे शुल्क नियमाने भरावे लागते. तिसऱ्या प्रकारात निरोप मालकाच्या मोबाइलवर येतो. मालक परगावी असेल, तर त्याला चोरी दिसते, रोखता येत नाही.

यांपैकी दुसऱ्या प्रकाराचे अर्थकारण उद्बोधक आहे. केंद्र उभारण्यास भांडवल मोठे लागते. एकदा ते उभे राहिले की नवा ग्राहक जोडण्याचा खर्च अल्प असतो. असा धंदा मूठभरांच्या हाती जाणे सोपे असते. १९६६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रिनेल कंपनीवर मक्तेदारीचा ठपका ठेवला, तेव्हा विमा कंपन्यांना मान्य असलेल्या केंद्रीय देखरेखीच्या तेथील धंद्यापैकी ८७ टक्के धंदा तिच्या अंकित कंपन्यांकडे होता.

दुसरा प्रश्न खोट्या इशाऱ्यांचा. मांजर, वाऱ्याने हललेली खिडकी, क्षीण झालेली बॅटरी, घरमालकाने विसरलेला सांकेतिक अंक, यांपैकी काहीही पुरते. अमेरिकन पोलिसांकडे आलेल्या अशा इशाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक खोटे निघाल्याचे तेथील अभ्यासांत आढळले आहे. म्हणजे शुल्क कंपनीने घ्यावयाचे आणि धावपळीचा खर्च, ज्याच्या घरी तिजोरी नाही अशा करदात्यानेही सोसावयाचा! म्हणूनच सॉल्ट लेक सिटी या शहराने २००० साली नियम केला, की घरफोडीच्या इशाऱ्याची खातरजमा आधी खाजगी रक्षकाने करावी, मगच पोलीस येतील.

आपल्याकडे या यंत्रांची झळ रखवालदाराला लागते. अनेक बँकांनी एटीएम केंद्रांवरील रक्षक कमी करून दुरून देखरेख ठेवण्याची पद्धत स्वीकारली. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला आणि १९८१ साली खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी स्वतंत्र कायदा करून मंडळांची तरतूद केली. रखवालीचे काम करणाऱ्यालाही नोकरीची आणि वेतनाची सुरक्षा हवी, हा विचार त्यामागे होता. यंत्र आले म्हणून तो विचार शिळा होत नाही. बारा तासांच्या रात्रपाळीत एकट्या वृद्ध रखवालदाराचा भार यंत्राने हलका केला, तर त्याचे स्वागतच करावे. त्याला घरी बसवून त्याच्या जागी नुसता भोंगा टांगणे, ही मात्र काटकसरही नव्हे आणि सुरक्षाही नव्हे.

तेव्हा गृहनिर्माण संस्थांत आणि व्यापारी संघांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी अशा खरेदीचा ठराव येताच तीन प्रश्न विचारावेत: इशारा मिळाल्यावर कोण आणि किती वेळात येणार? खोट्या इशाऱ्याचा खर्च कोण भरणार? आणि आजच्या रखवालदाराचे काय होणार? या प्रश्नांची उत्तरे करारात लेखी आल्याशिवाय ठरावाला हात वर करू नये.