खोड पेन्सिलीएवढंच का?

आमच्या वर्गातल्या एका मुलाने भिंतीच्या फटीतलं पिंपळाचं रोप आणून कपात लावलं. त्याला बोन्साय करायचं होतं! दोन वर्षं तो त्याचा शेंडा खुडत राहिला. परवा रडवेल्या आवाजात म्हणाला, “बाई, खोड अजून पेन्सिलीएवढंच आहे हो!”

असं का झालं बरं? सालीच्या आत पेशींचा एक पातळ थर असतो. तो आतल्या अंगाला नवं लाकूड आणि बाहेर नवी साल तयार करतो. त्यामुळे खोड जाड होतं. पण त्याला अन्न हवं ना! ते बनवतात पानं. पानंच खुडली आणि मुळं कपात कोंडली, तर खोड भरणार कसं?

मग करायचं काय? रोप मोठ्या कुंडीत लावा. बुंध्याजवळची एक फांदी मुद्दाम न छाटता वाढू द्या. तिच्या पानांतलं अन्न मुळांकडे जाताना वाटेतला बुंधा जाड करतं. काही वर्षांनी, मनासारखा घेर झाला की पावसाळ्याच्या तोंडाशी मोठ्यांच्या मदतीने ती फांदी कापा. जपानी लोक हिला ‘त्यागाची फांदी’ म्हणतात. उथळ तबक त्यानंतर!

दर सहा महिन्यांनी दोऱ्याने बुंध्याचा घेर मोजून वहीत लिहा. आमच्या दोस्तानेही कप सोडून कुंडी घेतली आहे. बोन्साय लहान दिसतं खरं, पण आधी त्याला मनसोक्त वाढू द्यावं लागतं. आई-बाबांनाही हे वाचून दाखवा हं!