कायद्याचे राज्य की फर्मानांचे?



‘कायद्याचे राज्य’ हे शब्द पुढाऱ्याच्या तोंडून निघाले की आपल्या डोळ्यांपुढे पोलीस उभा राहतो. रस्ता अडवला, कायदा. वीजबिल थकले, कायदा. कायदा आपल्याला बांधण्यासाठी असतो, सरकारला नव्हे, अशी आपली समजूतच करून दिलेली आहे.

स्वातंत्र्यवादी विचारात या शब्दांचा अर्थ बरोबर उलटा आहे. फ्रेडरिक हायेक यांनी १९४४ साली ‘द रोड टू सर्फडम’मध्ये तो मांडला. बांधायचे ते सरकारला. त्याने काय करायचे याचे नियम आधी ठरलेले हवेत, आधी जाहीर झालेले हवेत आणि सगळ्यांना सारखे हवेत, म्हणजे ज्याला त्याला आपला प्रपंच आपल्या अकलेने आखता येतो.

कालव्याचे पाणी घ्या. पाळ्या किती आणि कोणत्या तारखांना हे पेरणीआधी कळले तर गहू घ्यायचा की हरभरा, हे आपण ठरवतो. पाटकऱ्याने रोज सकाळी उठून कोणाला पाणी द्यायचे ते ठरवायचे म्हटले, की शेतकरी पीक आखायचे सोडून पाटकऱ्याची मर्जी राखू लागतो. पाणी दोन्हीकडे तेवढेच. पण पहिला शेतकरी स्वतंत्र आहे, दुसरा मिंधा आहे.

आता कांद्याचा हिशेब मांडू. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत आली. ८ डिसेंबरला निर्यातच बंद. तीही ३१ मार्च २०२४ पर्यंत म्हणून सांगितली आणि मुदत संपण्याआधीच पुढील आदेशापर्यंत वाढवली. ४ मे २०२४ ला बंदी उठली ती ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरमध्ये अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आले, आणि १ एप्रिल २०२५ ला तेही गेले. वीस महिन्यांच्या आत सात फेरफार! खरिपाच्या लाल कांद्याला रोप टाकल्यापासून काढणीपर्यंत पाच महिने लागतात. बंदी आली तेव्हा हाच कांदा बाजारात येत होता, आणि लाल कांदा चाळीत टिकत नाही, हे कृषी खात्याच्या कोणत्याही पत्रिकेत लिहिलेले आहे. रोप टाकणाऱ्याने कोणता नियम धरून चालायचे होते?

यातले काही बेकायदा नव्हते, हीच खरी गोम आहे. १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याने केंद्राला हा अधिकार दिला आहे. साठ्यावर मर्यादा घालण्याचा अधिकार १९५५ च्या आवश्यक वस्तू कायद्याने दिला आहे. ‘सरकारला आवश्यक वाटेल तेव्हा’ असे कलमात लिहिले, की फर्मानाला कायद्याचा अंगरखा मिळतो. जून २०२० च्या अध्यादेशाने साठा मर्यादेला निदान मोजमाप लावले होते. नाशवंत मालाचा भाव दुपटीने वाढला तरच मर्यादा. तो संसदेत मंजूर होण्याच्या आठवडाभर आधी, १४ सप्टेंबरला, त्याच सरकारने दुसऱ्या कायद्याखाली कांद्याची निर्यात बंद केली. पुढे २०२१ मध्ये ती सुधारणाही रद्द झाली.

मग न्यायालयात का जात नाही, असे शहरातले मित्र विचारतात. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने नववे परिशिष्ट आणले. त्यात घातलेला कायदा मूलभूत हक्कांच्या विरुद्ध आहे म्हणून रद्द होऊ शकत नाही. जमीनदारी मोडण्यासाठी म्हणून १३ कायदे घातले; आज नोंदी २८४ आहेत. महाराष्ट्राचा कमाल जमीन धारणा कायदा १९६४ मध्ये आत गेला, आवश्यक वस्तू कायदा आणीबाणीत, १९७६ साली. १९७८ मध्ये मालमत्तेचा मूलभूत हक्कच काढला. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये दार थोडे उघडले, पण २४ एप्रिल १९७३ नंतर आत गेलेल्या कायद्यांपुरतेच. जमीनदार केव्हाच गेले, कुलूप राहिले ते आपल्या दारावर.

आता थोडे आपल्या घरातले. कांद्याची निर्यात खुली करा म्हणणारे आपलेच कार्यकर्ते सोयाबीन पडले की तेलाची आयात रोखा म्हणतात. भाव पडल्याची कळ आम्हाला कळते. पण आयात रोखणारी सही आणि निर्यात रोखणारी सही एकाच लेखणीची आहे. ती लेखणी आपल्या बाजूने चालावी म्हणून सरकारच्या हाती ठेवायची, आणि ग्राहकांची मते जास्त आहेत हे ठाऊक असताना ती आपल्यावर चालणार नाही असे समजायचे, हा व्यवहार आम्हाला पटत नाही. आयात शुल्क असेलच तर त्याचा दर पेरणीपूर्वी जाहीर व्हावा आणि माल बाजारात येऊन विकेपर्यंत त्याला हात लागू नये, निर्यातीलाही तेच. निवडणूक आली म्हणून अपवाद नको.

या बैठकीपुढे ठराव आहे तो एवढाच. तेलबिया पिकवणाऱ्या तालुक्यांचा त्याला विरोध आहे. त्यांनी तो बैठकीत उभे राहून मांडावा, मग मत घेऊ.