बिदरचे आकाश आणि आमचे उकिरडे

बिदरच्या किल्ल्याच्या बुरुजावर सकाळच्या प्रहरी उभे राहिले असता जी गर्जना कानी पडते, ती बहामनी तोफांची नव्हे. ती वायुदलाच्या हॉक विमानांची होय. भालकी-हुमनाबादकडील शेतकऱ्याच्या कानांस तिची इतकी सवय झाली आहे, की तो औत थांबवून मान वर करीत नाही. सवयीने आवाज ऐकू येईनासा होतो, तशीच जबाबदारीही दिसेनाशी होते, असा आमचा अनुभव आहे.

2020 साली अंबाल्यास राफेल विमाने दाखल झाली, तेव्हा वृत्तपत्रांचे रकाने अपुरे पडले. नाशिकजवळ ओझरला सुखोई-30 विमाने बांधली गेली आणि पुण्याच्या लोहगाव तळावरून ती आकाशात झेपावतात, याचा मराठी माणसास अभिमान वाटतो, आणि तो रास्त आहे. शत्रूच्या विमानाशी झुंजणे आणि जमिनीवरील लक्ष्य भेदणे ही दोन्ही कामे एकच विमान करते. परंतु त्यात बसणारा वैमानिक कोठे घडतो, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. त्यांपैकी अनेक जण घडले ते आमच्या बिदरच्या धावपट्टीवर. 18 जून 2016 रोजी दुंडिगल येथे अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिकांना अधिकारपदे मिळाली. त्यानंतर हॉक चालविण्याचे पुढील शिक्षण घेण्यासाठी त्या आल्या त्या बिदरलाच.

हे हॉक विमान तरी आम्हांस सुखासुखी मिळाले काय? वायुदलातील नवशिक्या तरुणास किरण विमानावर हात बसवून एकदम मिग-21 वर बसविले जाई. किरण हे सौम्य, गुरुशिष्यांना शेजारी बसविणारे विमान. तर मिग ताशी 300 किलोमीटरहून अधिक वेगाने जमिनीला टेकणारे. बैलगाडी हाकणाऱ्यास आगगाडीच्या इंजिनावर चढवावे, तसाच हा प्रकार! मधली पायरी म्हणून प्रगत प्रशिक्षण विमान हवे, असे ला फाँटेन समितीने 1982 साली सांगितले. 66 हॉक विमानांचा करार झाला 2004 साली, आणि 23 फेब्रुवारी 2008 रोजी बिदरला ती वायुदलात रुजू झाली. शिफारशीपासून करारापर्यंतच बावीस वर्षे! या काळात जे कोवळे वैमानिक मिगच्या अपघातांत गेले, त्यांतील प्रत्येक मृत्यू या विलंबाच्या खाती मांडता येणार नाही. पण एकही मांडू नये, असे म्हणण्याचे धाडस दिल्लीतील कोणत्या मुत्सद्द्याने करावे? 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगड येथे मिग-21 ला निरोप देण्यात आला, तेव्हा मंजूर 42 तुकड्यांपैकी वायुदलाजवळ 29 च उरल्या. अशा वेळी एकेक विमान आणि एकेक वैमानिक सोन्याच्या मोलाचा ठरतो.

दिल्लीस दोष देणे सोपे आहे व आम्ही तो दिला. आता बिदरकरांकडे वळू.

हॉक विमानास इंजिन एकच. पुढील आसनावर शिष्य, मागील किंचित उंच आसनावर गुरू, आणि दोघांचे प्राण त्या एका इंजिनावर. ताशी 500 किलोमीटर वेगाने चाललेल्या विमानावर पाऊण किलोची घार आदळली, तर तो तडाखा 70 किलोंचे पोते तिसऱ्या मजल्यावरून अंगावर कोसळावे एवढा बसतो. तीच घार इंजिनाच्या तोंडी गेली आणि ते बंद पडले, तर उंची कमी असल्यामुळे विचार करावयास क्षणांचाच अवधी उरतो. आणि घार येते कशासाठी? उघड्यावर टाकलेल्या मांसाच्या तुकड्यांसाठी, मंगल कार्यालयांमागे फेकलेल्या उष्ट्या पत्रावळींसाठी आणि त्या ढिगांवर पोसल्या जाणाऱ्या उंदरांसाठी. 1937 च्या विमान नियमांतील 91 व्या नियमाने विमानतळाच्या 10 किलोमीटर परिघात उघड्यावर जनावरे कापण्यास व घाण टाकण्यास मनाई केली, ती काही सौंदर्यदृष्टीने नव्हे. एका धर्माच्या वा एका धंद्याच्या लोकांकडे बोट दाखवून यातून सुटका नाही. लग्नाच्या पंक्तीचे खरकटे घारीला वर्ज्य नसते. आमच्या कचेरीच्या बोळाच्या तोंडाशीही असाच एक ढीग आहे, आणि तो ओलांडूनच आम्ही हा अग्रलेख लिहावयास आलो, हे कबूल केलेले बरे.

7 फेब्रुवारी 2020 रोजी याच तळावर नागरी विमानसेवेचे उद्घाटन झाले. त्या सेवेत पुढे खंड पडले, तरी त्या दिवसापासून हा प्रश्न केवळ गणवेशातील मुलांचा राहिला नाही. बंगळूरला निघालेल्या आमच्या लेकीसुनांचाही झाला. 21 जानेवारी 2009 रोजी सूर्यकिरण पथकाचे एक किरण विमान बिदरजवळ कोसळून वैमानिक गेला, तेव्हा गाव हळहळले होते. ती हळहळ खोटी नव्हती.

आमची मागणी मोठी नाही. तळाभोवतीच्या 10 किलोमीटरांतील प्रत्येक गावात व वस्तीत मांसविक्रीची जागा झाकलेली असावी, तेथील टाकाऊ भाग त्याच दिवशी खोल पुरला जावा, कचऱ्याच्या गाड्यांवर ताडपत्री असावी आणि मंगल कार्यालयांकडून उष्ट्याचा हिशेब घेतला जावा. पावसाळा लागताच किडे उडू लागतात व पक्ष्यांचे थवे वाढतात. म्हणून हे काम मृगापूर्वी झाले पाहिजे.